जेल नखांवर कापड बसवताना

जेल लावलेल्या नखावर लेसचा तुकडा नीट बसतो, पण आठवडाभरात कडेने उचलला जातो, या अडचणीचे कारण बहुधा गोंदात नसून धाग्यांमध्ये असते. कापडाचा धागा नखाच्या कडेपर्यंत पोहोचला, तर हात धुताना पाणी त्याच धाग्यातून आत शोषले जाते आणि जेल कितीही चांगले असले तरी थर सुटू लागतो. म्हणून तुकडा चारही बाजूंनी नखापेक्षा साधारण एक मिलिमीटर लहान कापावा आणि ती मोकळी कड वरच्या जेलने पूर्ण बंद करावी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जेल कडक होते ते नखांसाठीच्या यूव्ही किंवा एलईडी दिव्याच्या प्रकाशाने, आणि जाड किंवा गडद कापड तो प्रकाश अडवते, त्यामुळे वरून टणक दिसणाऱ्या नखात कापडाखालचे जेल अर्धकच्चे राहू शकते. अशा जेलमधील अ‍ॅक्रिलेट, म्हणजे अजून कडक न झालेले रसायन, त्वचेला लागत राहिल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. यासाठी खालचा थर आधी दिव्याखाली पूर्ण कडक करावा, मग पारदर्शक जेलमध्ये भिजवलेली विरळ जाळी किंवा पातळ रेशीम हवेचे बुडबुडे दाबून काढत बसवावे. मखमल तर मी टाळतेच.

अ‍ॅसिटेटचे कापड जेल काढण्याच्या अ‍ॅसिटोन या द्रवात विरघळून चिकट होते, हे जेल नखे काढतानाही लक्षात असू द्यावे.