सोयाबीननंतर विनामशागत हरभरा पेरण्यासाठी परवडणारे पेरणी यंत्र कोणते घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वाशीम जिल्ह्यात माझी सात एकर भारी काळी कोरडवाहू जमीन असून खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा अशी आमची ठरलेली पिके आहेत. सोयाबीन निघाले की रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या द्यायच्या आणि मग पेरायचे, असे आम्ही वर्षानुवर्षे करत आलो. पण परतीचा पाऊस लवकर थांबला, तर दुसऱ्या पाळीपर्यंत वरची चार बोटे माती कोरडीठाक होते आणि ज्या ओलीवर हरभरा उगवायचा, ती ओल आपल्याच हाताने उडून जाते. म्हणून गेल्या रब्बीत शून्य मशागतीचे नऊ फणांचे यंत्र भाड्याने आणून दोन एकरांवर सोयाबीनच्या धसकटांतच थेट पेरणी केली. आता स्वतःचे यंत्र घ्यायचे आहे, आणि चुकीचे यंत्र दारात पडून राहू नये, यासाठी आपला सल्ला हवा आहे.

त्या दोन एकरांचा अनुभव आधी सांगतो. एका एकरातील सोयाबीन मजुरांनी कापून धुऱ्यावर मळले होते, त्यामुळे रानात फक्त उभी धसकटे होती. तेथे पेरणी सरळ झाली आणि आठव्या दिवशी ओळी दिसू लागल्या. दुसऱ्या एकरात हार्वेस्टर चालला होता आणि त्याच्या मागे कुटाराचे (मळणीत निघणाऱ्या भुशाचे) पट्टे पडले होते. तेथे दर पंधरा-वीस पावलांवर फणांमध्ये कुटाराचा बोळा अडकायचा, ट्रॅक्टर थांबवून यंत्र उचलावे लागायचे आणि जेथे उचलले, तेथे बी मातीवरच सांडलेले असायचे. यंत्र तेच, दिवस तोच, चालवणाराही तोच होता.

दुसरी अडचण मला अधिक काळजीची वाटते. तिसऱ्या दिवशी ओळीजवळ बसून पाहिले, तेव्हा फणाने पाडलेल्या चिरेच्या दोन्ही बाजू गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि तळाशी हरभऱ्याचा दाणा उघडाच दिसत होता. वाफसा पुरता येण्याआधी एक दिवस घाई झाली, हे मला मान्य आहे. तरीही पुढे जमीन वाळली, तशी भेग नेमकी त्याच चिरेवर पडली आणि त्या ओळींतील रोपे विरळ राहिली.

माझा ट्रॅक्टर ३९ अश्वशक्तीचा आहे आणि अनुदान धरून खिशातून ५० हजारांपेक्षा जास्त घालता येणार नाहीत. भातकाडासाठी लुधियानाच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेल्या हॅपी सीडरची चौकशी केली. फणांपुढे फिरणारी पाती काड तोडत जातात, त्यामुळे अडकण्याचा प्रश्न उरत नाही, परंतु त्याला ४५ अश्वशक्तीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो आणि किंमतही माझ्या आवाक्यात नाही. रायगडमधील नेरळच्या सगुणा पद्धतीप्रमाणे गादीवाफे कायम ठेवून हाताने टोकणी करण्याचाही विचार केला होता, मात्र सात एकरांना पुरतील इतके मजूर ऐन हंगामात आमच्याकडे मिळत नाहीत.

त्यामुळे आता दोनच पर्याय उरतात: उलट्या टी आकाराच्या फाळांचे साधे नऊ फणांचे यंत्र घेणे, किंवा घरी असलेल्या जुन्या बी-खत पेरणी यंत्राला तसे फाळ बसवून घेणे. भारी जमिनीत हे यंत्र दोन-तीन हंगाम चालवलेल्यांनी कृपया सांगावे की कुटार न अडकण्यासाठी यंत्रात नेमके काय पाहावे, चीर बुजवण्यासाठी मागे काय लावावे आणि जुन्या यंत्रावर खर्च करणे शहाणपणाचे आहे का.

प्रतिसाद (औसा, जि. लातूर)

आपण विक्रेत्याला फण किती आहेत हे विचारू नका. त्याऐवजी दोन फणांत आणि फण व चौकटीमध्ये किती मोकळी जागा आहे, हे टेप लावून मोजा. नऊ फण २२.५ सेंटीमीटरवर असतात, ते गव्हासाठी ठीक आहे. तीच १८० सेंटीमीटरची चौकट सात फणांना ३० सेंटीमीटरचे आणि पाच फणांना ४५ सेंटीमीटरचे अंतर देते. म्हणून फण क्लॅम्पवर सरकणारे हवेत, वेल्डिंग केलेले नकोत, आणि ते पुढच्या-मागच्या अशा दोन पट्ट्यांवर आलटून-पालटून बसवलेले असावेत. हरभऱ्यासाठी मी सातच फण ठेवतो आणि पेरणीआधी कुटाराचे पट्टे दाताळ्याने पसरवून घेतो. तेवढे केल्यावर मला दिवसभरात दोन-तीनदाच उतरावे लागते.

चिरेसाठी प्रत्येक फणामागे दाबचाक असलेले यंत्र उत्तम. ते परवडत नसेल, तर मागे जड साखळी ओढली तरी बी झाकले जाते. परंतु ओल्या काळ्या मातीवर कोणतेही चाक चिकटते, तेव्हा मूठभर माती वळून पाहावी आणि गोळा हातातच फुटल्याशिवाय यंत्र रानात घालू नये.

जुन्या यंत्राची चौकट हलकी असेल, तर त्यावर पैसा घालू नका. न नांगरलेल्या जमिनीत ती वाकते आणि फण एकसारख्या खोलीवर चालत नाहीत.

बियाण्याचे प्रमाण मात्र घरीच तपासा. बी पाडणारी यंत्रणा फिरवणाऱ्या यंत्राच्या चाकाचा घेर दीड मीटर धरला, तर वीस फेऱ्यांत ३० मीटर अंतर होते. सात फणांना, एकरी ३० किलोच्या हिशेबाने, तेवढ्यात सुमारे ४६५ ग्रॅम बी पडले पाहिजे, म्हणजे प्रत्येक नळीखाली ६६-६७ ग्रॅम. नळ्यांना पिशव्या बांधून एक-एक पिशवी वेगळी तोला. बी मोजून सोडणाऱ्या खाचांच्या रोलरमध्ये टपोरा हरभरा फुटत असेल, तर त्याऐवजी तिरप्या तबकडीने बी सोडणारे यंत्र थोडे महाग पडले तरी तेच घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभारी आहे. आज जुन्या यंत्राची चौकट पाहिली. मधल्या पट्टीला आधीच बाक आलेला आहे, त्यामुळे तो पर्याय मी सोडून दिला आहे. महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या अनुदान पोर्टलवर) अर्ज केला असून पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केल्यास अनुदान मिळत नाही, म्हणून तोवर यंत्रे पाहून ठेवतो. एक शंका राहते: सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर (बीबीएफ) असल्यास सात फणांपैकी कडेचे फण सरीत उतरतात. ते काढून टाकावेत, की खोली कमी करून तसेच चालवावेत? बीबीएफच्या रानात विनामशागत हरभरा घेणाऱ्यांनी कृपया लिहावे.