कोरड्या चेहऱ्यासाठी घरगुती क्लेन्झर: डाळीच्या पिठाने चेहरा ताणतो, मग काय वापरावं?

शेवंती

त्वचा मुळातच कोरडी आहे. थंडीत गालांवर आणि ओठांच्या कडेला पापुद्रे निघतात, म्हणून साबण बंद केलाय. रोज रात्री दोन चमचे डाळीचं पीठ, थोडं दूध आणि चिमूटभर हळद एकत्र करून लावते, सुकलं की चोळून धुते. पाच मिनिटांत चेहरा असा ताणतो की हसता येत नाही. पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर धरतो.

पीठ बदलायचं की पद्धत? एकदाच करून महिनाभर ठेवता येईल असं काही आहे का? आणि दिवसा लावलेलं सनस्क्रीन याने निघतं का? मापं ग्रॅममध्ये सांगा, "अंदाजे घ्या" म्हटलं की माझं चुकतं.

वस्त्रगाळ

आधी पद्धत बदला. ओलं पीठ चेहऱ्यावर सुकतं तेव्हा त्वचेवरचं पाणी आणि तेल दोन्ही शोषून घेतं. वर तुम्ही ते चोळून काढता, म्हणजे सैल झालेले पापुद्रे ओरबाडले जातात. उटण्याची ही रीत अंगाला, वर्षातून चार दिवस, तेल चोळून झाल्यावर वापरायची आहे. तेलाचा हात वगळून तेच रोज चेहऱ्याला केलं की ताणणारच.

पीठही थोडं बदला. एकट्या बेसनापेक्षा ओट्सचा आधार घ्या. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो, तो पाण्यात बुळबुळीत होतो आणि धुतल्यावर त्वचेवर पातळ थर ठेवून जातो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने, २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओट्सना, म्हणजे कोलॉइडल ओटमीलला, त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली आहे. बेसन पूर्ण काढू नका. त्यात थोडं सॅपोनिन, म्हणजे फेस करणारं नैसर्गिक द्रव्य, असतं, हरभऱ्याची डाळ उकळताना वर जो फेस येतो त्यात त्याचाही हात असतो. मळ सुटायला तेवढं पुरतं.

साधे रोल्ड ओट्स ७० ग्रॅम, बेसन २० ग्रॅम, साईसकट दुधाची पावडर १० ग्रॅम. दुकानातले मसाला किंवा गोड चवीचे ओट्स नकोत. ओट्स कढईत गरम करू नका. दमट वाटले तर ताटात पसरून पंख्याखाली तासभर ठेवा. मिक्सरमधून दहा-दहा सेकंदांनी थांबत दळा, एकदम फिरवले तर भांडं तापून पीठ चिकटतं. मग आधी पीठचाळणी आणि नंतर मलमलचं कापड, म्हणजे खरोखरच वस्त्रगाळ. वर राहिलेला चोथा पुन्हा दळा. तपासायला अर्धा चमचा पीठ ग्लासभर कोमट पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं झालं पाहिजे आणि दोन मिनिटांनी तळाशी जाड कण दिसता कामा नयेत. दिसले तर तेच कण गालावर घासले जाणार.

वापरताना एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम, पावडर तळहातावर घ्या. दोन चमचे कोमट पाणी घालून मिनिटभर थांबा. ही एक मिनिट कुणी थांबत नाही, आणि मग ओट्स खरखरतात अशी तक्रार करतात. कण फुगून लापशीसारखे झाले की ओल्या चेहऱ्यावर सपाट बोटांनी ३० ते ४० सेकंद फिरवा, सुकायच्या आत धुवा. टॉवेलने टिपा, पुसू नका. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. हे रात्री एकदाच. सकाळी कोरड्या त्वचेला नुसतं पाणी पुरे.

हळद वगळा. कोरडेपणावर तिचा उपयोग नाही आणि टॉवेल मात्र कायमचे पिवळे होतात. मुलतानी माती, संत्र्याच्या सालीची पूड, लिंबू यांना तर हातच लावू नका. माती तेल शोषते. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणा मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. शिवाय लिंबाचा अंश राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात.

पावडर कोरड्या काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढत, दीड-दोन महिने टिकते. पावसाळ्यात दुधाची पावडर घालू नका, गोळे होतात. सोनकिडे दिसले किंवा कुबट वास आला तर फेकून द्या, चाळून परत वापरायचं नाही.

सनस्क्रीनला मात्र ही पावडर पुरत नाही.

चिमूट

सनस्क्रीनचं मी सांगते. ते तेलाने सुटतं. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी अर्धा चहाचा चमचा तेल घ्या, मिनिटभर हलक्या हाताने फिरवा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ सुती कापडाने दोनदा टिपून घ्या आणि मग वरची पावडर. हात किंवा चेहरा आधीच ओला असेल तर तेल सनस्क्रीनपर्यंत पोहोचतच नाही, वरच्या वर सरकत राहतं.

तेल कुठलं यावर घरोघरी वाद आहेत. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त असतं आणि कोरड्या त्वचेवर रोज लावलं तर ते तिचा संरक्षक थर सैल करतं, त्यामुळे नाव कितीही मोठं असलं तरी नको. साधं सूर्यफुलाचं तेल, ज्यात लिनोलेइक आम्ल जास्त असतं, ते जास्त सोयीचं. बाटलीवर "हाय ओलेइक" लिहिलेलं असेल तर ती बाटली स्वयंपाकालाच ठेवा. तिळाचं तेलही चालेल, पण न भाजलेल्या तिळाचं. मोहरीचं तेल चेहऱ्याला नाही, ते झोंबतं. खोबरेल काहींना चालतं, मुरुमं येणाऱ्यांना बहुतेक वेळा नाही.

कापडाचा कंटाळा असेल तर ८५ ग्रॅम सूर्यफूल तेलात १५ ग्रॅम पॉलीसॉर्बेट ८०, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा घटक, ढवळा. पाणी लागलं की ते पांढरं होऊन धुऊन निघतं. या मिश्रणात पाणी नाही म्हणून बुरशीची भीती कमी, पण बाटलीत ओला हात किंवा शॉवरचं पाणी गेलं की संपलं.

एक सूचना. भुवयांत, नाकाच्या कडेला पिवळसर, तेलकट पापुद्रे असतील तर ती कोरडी त्वचा नसून कोंड्याचाच प्रकार असू शकतो. त्यावर तेल लावलं की तो वाढतो. तसं असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

खटपट्या

एवढं दळत बसण्यापेक्षा ग्लिसरीनचा साबण किसून गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात मध आणि व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल. झालं सौम्य फेसवॉश, महिनाभर टिकतो. पीएच जास्त वाटला तर थोडा व्हिनेगर.

मोजूनमापून

खटपट्या, यातलं प्रत्येक पाऊल घसरतं. साबण पातळ केला तरी त्याचा पीएच ९ ते १० च्या घरातच राहतो, कारण तो साबणाचा स्वभाव आहे. त्यात व्हिनेगर घातला तर साबण फुटतो. मेदाम्लं सुटी होऊन नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या वर येतात, आणि फेस जातो. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना नाही. बरणीतला मध टिकतो कारण त्यात जंतूंना वापरता येईल असं पाणी नसतं. पाण्यात मिसळलात की तो त्यांचा खुराक.

शेवंतीताई, महिनाभर टिकणारं पातळ हवंच असेल तर टिकवणारा घटक घालावाच लागतो. १०० ग्रॅमसाठी: डिस्टिल्ड पाणी ७८, ग्लिसरीन ८, कोको ग्लुकोसाइड (मळ काढणारा सौम्य घटक) १२, झँथन गम (घट्टपणासाठी) ०.७, फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण (हेच टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह) १, आणि सायट्रिक आम्ल साधारण ०.३. सगळं वजनाने, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चमच्याने मोजलेलं प्रिझर्व्हेटिव्ह एकदा कमी पडतं, एकदा जास्त होतं. कमी पडलं तर बुरशी, जास्त झालं तर त्वचा चुरचुरते.

भांडी, ढवळणी आणि बाटली आधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. झँथन गम ग्लिसरीनमध्ये कालवा, थेट पाण्यात टाकला तर माशाच्या डोळ्यांसारख्या गोळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. ढवळत ढवळत त्यात पाणी ओता, २० मिनिटं ठेवा. मग कोको ग्लुकोसाइड कडेने सोडा आणि रवीने घुसळू नका, नाहीतर रात्रभर फेसच फेस. नंतर प्रिझर्व्हेटिव्ह.

आता खरी परीक्षा. कोको ग्लुकोसाइड स्वतः चांगलंच अल्कधर्मी असतं, म्हणून पीएच खाली आणायची ही पायरी गाळली तर "सौम्य" म्हणून केलेलं साबणाइतकंच कोरडं करतं. सायट्रिक आम्ल त्याच्याइतक्याच वजनाच्या पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घाला, दर वेळी ढवळून पीएच पट्टीने तपासा. ५ ते ५.५ वर थांबा. पट्ट्या अरुंद टप्प्याच्या घ्या, ४ ते ७ च्या. १ ते १४ च्या पट्टीवर ५ आणि ६ चा फरक डोळ्याला कळत नाही.

पंपाची बाटली वापरा, रुंद तोंडाची बरणी नको. दोन महिन्यांत संपवा. गढूळ झालं, वास बदलला, पातळ पडलं, तर फेकून द्या. थंडीत कोको ग्लुकोसाइडची मूळ बाटली गोठून पांढरी होते, ते खराब झालेलं नसतं. गरम पाण्यात ठेवून सारखी करून घ्या.

बोअरच्या पाण्याचं उत्तरही यातच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट थर करतं, तो चेहऱ्यावरही बसतो. ग्लुकोसाइड तसा थर करत नाही. शेवटचा एक तांब्या आरओच्या पाण्याचा घेतलात तर फरक लगेच जाणवेल. नुसतं उकळून सगळा जडपणा जात नाही.

शेवंती

पावडर केली. चेहरा ताणत नाही, पण दोन अडचणी. पहिली, तळहातावर गुठळ्या होतात. दुसरी, बेसिन तुंबायला लागलंय. आणि बहिणीला इसब आहे, तिला हीच पावडर दिली तर चालेल का? पाण्याऐवजी दूध किंवा साय घेतली तर?

वस्त्रगाळ

गुठळ्या होतात कारण पाणी एकदम पडतं. आधी अर्धा चमचा पाणी घालून घट्ट लेप करा, मग उरलेलं. कढीचं बेसन कालवतो तसंच. आणि पाणी कोमटच, कढत पाण्यात पिठाचा स्टार्च शिजून चिकटतो. बेसिन त्यामुळेच तुंबत असणार. जाळीवर कापडाचा तुकडा टाका, किंवा चेहरा पसरट भांड्यात धुऊन ते पाणी कुंडीत ओता.

दूध चालेल. साय लावायची असेल तर अर्धा चमचाच, आणि ताजी. साय नीट धुतली गेली नाही तर कानाजवळ, केसांच्या कडेला आंबूस वास राहतो आणि पुरळही येतं. पण भिजवलेली पावडर, मग ती पाण्यातली असो की दुधातली, उद्यासाठी ठेवायची नाही. फ्रिजमध्येसुद्धा नाही.

चिमूट

बहिणीला हे देऊ नका. इसबाची त्वचा फाटलेली असते आणि तिच्यातून खाण्याच्या पदार्थांमधली प्रथिनं आत शिरली तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी होऊ शकते. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं विरघळवलेलं प्रथिन होतं. तो वापरणाऱ्या २,००० हून जास्त जणांना नंतर गहू खाल्ल्यावर त्रास व्हायला लागला. आपल्या पावडरीत ओट्स, हरभरा, दूध, तिन्ही खाण्याचेच पदार्थ. बहिणीला डॉक्टर सांगतील तेच बिनवासाचं क्लेन्झर.

तुम्हीही चेहऱ्यावर पापुद्र्यांच्या जागी भेग पडली असेल, रक्त दिसत असेल, तर ती भरेपर्यंत पावडर थांबवा. मोजूनमापून यांचं पातळ मिश्रण करणार असाल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, चेहऱ्यावर ठेवता तेवढाच वेळ लावून धुवा, सात दिवस. लाली किंवा खाज आली नाही तरच चेहऱ्यावर.

खटपट्या

साबण फुटतो हे आत्ता करून पाहिलं. खरंच दही झालं. सायट्रिक आम्ल किराण्यातलं लिंबूफूल चालेल का, की केमिकलच्या दुकानातलंच हवं?

मोजूनमापून

लिंबूफूल म्हणजे सायट्रिक आम्लच, चालेल. पाकीटबंद घ्या आणि पाण्यात विरघळवून पाहा, पाणी नितळ राहिलं पाहिजे. गढूळ झालं किंवा तळाशी काही बसलं तर ते पन्ह्यासरबतालाही वापरू नका. आणि ते दही बेसिनमध्ये ओतू नका, शेवंतीताईंसारखं तुंबेल.