मृगातला तेजोमेघ: टिपलेला की रंगवलेला?

गच्चीवरचा:
परवा वांगणीला आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणीतून मृगातला एम ४२, म्हणजे चमकत्या वायूचा तेजोमेघ, दाखवत होतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तो धुरकट ठिपका. शेजाऱ्यांची नववीतली मुलगी डोळा लावून म्हणाली, "काका, गुलाबी कुठाय?" राखाडी धूर, मध्ये ट्रॅपेझियमचे चार तारे, संपलं. आदल्या दिवशी मीच तिला एक लालभडक फोटो दाखवला होता. ओशाळलो अगदी. रात्र रात्र संगणकावर घोटलेल्या या चित्रांना फोटो म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत.

व्याध:
दोष डोळ्याचा आहे हो. अंधारात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी निजतात, जाग्या राहतात फक्त दंडपेशी. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तिथे खराखुरा आहे, पण दंडपेशींना तो जवळपास दिसतच नाही. हेन्री ड्रेपरने १८८० साली याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा काचेची प्लेट ५१ मिनिटं उघडी ठेवली होती. कुठला डोळा ५१ मिनिटं प्रकाश साठवतो? मग तोही खोटा?

गच्चीवरचा:
ड्रेपरने संगणकावर स्लायडर ओढले नव्हते.

फ्लॅटफ्रेम:
ओढावेच लागतात! कच्ची फ्रेम जवळजवळ काळीच येते. मिनिटाच्या १०० फ्रेम एकावर एक रचल्या की सिग्नलच्या, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या, मानाने नॉईज (दाणेदार खरखर) दहापट दबतो. धुळीचे डाग घालवायला फ्लॅट (एकसारख्या उजेडाची फ्रेम), सेन्सरची किरकिर घालवायला डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम), मग स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग उजळणं. त्यात मिनिटभरात तेजोमेघाचा गाभा जळून पांढराफटक होतो, म्हणून ५ सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन तेवढा भाग जोडायचा. तुमच्या डोळ्याला ट्रॅपेझियम आणि धूर एकदम दिसला ना? कॅमेऱ्याला तेच दोनदा टिपावं लागतं. लबाडी कसली त्यात?

काळोखी:
गरुड तेजोमेघातल्या खांबांची हबल अवकाश दुर्बिणीची १९९५ची प्रतिमा घ्या. गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. खरं तर गंधक आणि हायड्रोजन दोन्ही लालच, वेगळे कळावेत म्हणून ही वाटणी. मला चालतं, खाली लिहा म्हणजे झालं. माझा राग एआयवर आहे. मागच्या महिन्यात फोटो धारदार करायला एक एआय प्लगइन चालवलं, तर गाभ्याजवळ असे नाजूक धागे उमटले की हरखलेच. मूळ स्टॅक, म्हणजे नुसत्या रचलेल्या फ्रेम, मोठा करून पाहिला, तिथे नुसते नॉईजचे दाणे.

गच्चीवरचा:
धाग्यांचं पटलं. लालही मान्य, चला. पण किती तास, किती फ्रेम, रंग कसे दिले, हे फोटोखाली लिहायला कोणाचे हात दुखतात? पुढच्या अमावास्येला त्या पोरीला आधी दुर्बीण, फोटो नंतर.

व्याध:
फोटो आधी पाहिला नसता तर ती वांगणीपर्यंत आली असती का?