भाऊ कृषी पदविका करतोय, एआय आल्यावर या लाइनमध्ये नोकरी राहील का?

कांजूरची_ताई
नमस्कार सगळ्यांना. माझा धाकटा भाऊ कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो गावी असतो, मी इथे कांजूरला. त्याला माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नाहीतर ठिबकवाल्यांकडे टेक्निशियन म्हणून लागायचंय, मुंबईच्या आसपास मिळालं तर माझ्याकडेच राहील. पण २०२५ मध्ये सरकारनं ते ५०० कोटींचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण आणलं तेव्हापासून घरात एकच विषय, की पानाचा फोटो काढला की मोबाइलच रोग सांगतो मग याला कोण विचारणार. मामा म्हणतात हे सोड आणि कॉम्प्युटरचं काहीतरी कर. एका क्लासवाल्यांनी सहा महिन्यांच्या एआय कोर्सचे ८५ हजार सांगितलेत, नोकरीची हमी देतो म्हणतात, आणि पप्पा पीएफमधून काढायला तयार झालेत. या कामातलं कोणी असेल तर खरं काय ते सांगा प्लीज, मला रात्र रात्र झोप नाही.

वसईचा_ठिबकवाला
ताई पहिलं म्हणजे ते ८५ हजार थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

मी १४ वर्षं वसई-विरार पट्ट्यात ठिबक बसवतो आणि खतांचं बघतो. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. एका काकांची वेलची केळी, पानांच्या कडा करपत चाललेल्या, त्यांच्या मुलानं अ‍ॅपवर फोटो टाकला तर उत्तर आलं पालाश, म्हणजे पोटॅश, कमी आहे. आणि खरं सांगतो, नुसता फोटो दाखवला असता तर मीही तेच म्हणालो असतो, इतकं ते सारखं दिसतं. त्यांनी म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं, पंधरा दिवसांनी परत टाकलं, कडा आणखीनच जळल्या. मग मला बोलावलं. मी झाडाकडे न जाता आधी विहिरीवर गेलो, पाणी स्टीलच्या ग्लासात काढलं आणि ईसी मीटर, म्हणजे पाण्यात क्षार किती ते दाखवणारा मीटर, बुडवला, आकडा ३.४ वर जाऊन थांबला. खाडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे, मार्च-एप्रिलला त्या विहिरीला खारं पाणी चढतं. आणि म्युरेट म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्याच्या जवळजवळ अर्ध्या वजनाचं क्लोराइडच असतं, म्हणजे मिठानं करपलेल्या केळीला आपण वरून आणखी क्लोराइड घातलं. म्युरेट बंद केलं, शेजारच्या गोड्या विहिरीचं पाणी घेतलं, गरज लागली तिथे क्लोराइड नसलेलं सल्फेट ऑफ पोटॅश दिलं. नंतर आलेली पानं स्वच्छ निघाली.

अ‍ॅप वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण त्याला विहीर दिसत नव्हती आणि खाडी किती लांब आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाला ते बघता आलं पाहिजे.

वाशी_पॅकहाऊस
मी हापूसच्या पॅकिंगमध्ये आहे, थोडं कडू लिहितो, राग मानू नका. आमच्या ग्रेडिंगच्या लाइनवर सीझनला आठ जण उभे असायचे, कॅमेऱ्याची मशीन आली आणि आता तीन असतात. वजन, रंग, डाग सगळं मशीन माणसापेक्षा पटपट करते आणि दुपारी तीनला तिचे डोळे जड होत नाहीत. तेव्हा नोकऱ्या जात नाहीत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण राहिलेले तीन कोण ते बघा. हापूसमध्ये साका असतो ना, बाहेरून फळ एकदम सुंदर आणि कापलं की आत पांढरट स्पंजासारखं, तो आमच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक लॉटमधली फळं कापायची, कुठल्या बागेचा माल, कधी उतरवला, उन्हात किती वेळ पडला हे शोधायचं. अमेरिकेला जाणाऱ्या मालाला ४०० ग्रेचं विकिरण लागतं, त्याची नोंद चुकली की माल अडकला. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपनं आपला आंबा बंद केला होता, तेव्हापासून तपासणीला किती जपतात ते इथे आल्याशिवाय कळणार नाही. साका बाहेरून ओळखायच्या मशीनही निघतायत, त्या आमच्याकडे आल्या की आणखी एक माणूस कमी होईल बहुतेक. पण मशीननं चुकीचा माल पुढे ढकलला हे ज्याला कळतं त्याला आमचे शेठ सीझन संपल्यावरही ठेवतात.

माती_लॅब_ठाणे
लॅबचं मी सांगते. आमच्याकडे गेल्या महिन्यात एकाच शेताचे दोन नमुने आले, एकात पालाश भरपूर आणि दुसऱ्यात निम्मा. मशीन बरोबर होती. एक नमुना शेणखताच्या ढिगाजवळचा होता, पोरानं उन्हाचा कंटाळा केला असणार. व्ही आकाराचा खड्डा, वरचा पालापाचोळा बाजूला, वीतभर खोलीपर्यंतची माती, दहा-बारा जागची एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो उरवायची, हे करणारा माणूस पुढची कितीतरी वर्षं लागेल. सकाळी पीएच मीटर बफरला, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणाला, लावून घेतल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही ही सवयही. कारण एआयला शिकवायला हेच आकडे जातात, इथे घाण गेली तर पुढे सगळा सल्लाच चुकतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर ड्रोनचं डीजीसीएवालं (केंद्राचं विमान वाहतूक खातं) रिमोट पायलट प्रमाणपत्र बघा, १८ पूर्ण आणि दहावी पास लागतं. पण फवारणीचं औषध आणि प्रमाण कळत नसेल तर नुसतं ड्रोन उडवून उपयोग नाही, ते त्याला पदविकेत शिकवलंय.

एक मात्र आहे, पगार सुरुवातीला कमी आहेत आणि बरीच कामं कंत्राटी आहेत. ते एआयच्या आधीपासून तसंच आहे, त्यावर कोणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कांजूरची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. पप्पांना फोन करून पैसे थांबवलेत, पदविका पूर्ण करायची हे नक्की. भावाला वसईच्या दादांचं वाचून दाखवलं तर तो पहिलंच विचारतोय, केळीला ईसी कितीपर्यंत चालतो? शनिवारी रात्री तो माझ्याकडे येतोय. दादा, रविवारी त्याला तुमच्याबरोबर एखाद्या वाडीत नेता येईल का?

वसईचा_ठिबकवाला
आणा की. कांजूरहून दादरला बदला आणि नऊपर्यंत वसई रोडला पश्चिमेला उतरा. बूट घालून यायला सांगा, वाडीत पाणी सोडलेलं असेल. ईसी तो स्वतःच मोजेल तीन विहिरींचा, मग बोलू.