मोठी सोडून मिडलवेट स्पोर्ट टूरर घ्यावी का?

लांबपल्ला: माझी टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटारसायकल, १३०० सीसीची, हायवेला रणगाड्यासारखी चालते पण उतारावर तोंड करून पार्क केली की मागे ओढताना घाम फुटतो, त्यामुळे हल्ली बाहेर काढायचाच कंटाळा येतो. मिडलवेटवर, म्हणजे मधल्या वजनाच्या ७०० सीसीवर, आलो तर पस्तावेन का?

दोनचाकी: अजिबात नाही. यामाहा ट्रेसर ७०० बघ, ६८९ सीसी, पेट्रोलसकट १९६ किलो, आणि मोठ्या टूररमधली बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी २७९ किलो, म्हणजे एक धडधाकट माणूस उतरवल्यासारखंच. ट्रेसरचं दोन सिलिंडरचं इंजिन हळू फिरत असतानाही मस्त ओढतं, सारखे गिअर पाडावे लागत नाहीत.

घाटवेडी: मी दोन वर्षांपूर्वी बदलली. वळणात लाईन चुकली तरी हँडल जरा ढकललं की गाडी ऐकते, ब्रेक आणि टायरवरही ताण कमी. ओल्या खडीवर थांबताना पाय सरकला पण गाडी मांडीने सावरली, जुनी असती तर आडवीच झाली असती.

दोनचाकी: फक्त कायम डबलसीट आणि सामानाचे तीन बॉक्स असतील तर मोठीच बरी, मिडलवेटचं मागचं सस्पेन्शन बसतं. प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवून, सामान लादूनच टेस्ट राईड घे.