मदत हवी आहे: लिब्रेक्लिनिकाच्या डेटातल्या बंद झालेल्या क्वेरी परत उघडतात

रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लिब्रेक्लिनिकातून, म्हणजे क्लिनिकल ट्रायलचा डेटा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ओडीएम एक्सएमएल (त्या डेटाची ठरावीक रचनेतली फाइल) काढतो. आर स्क्रिप्ट त्यावर तपासण्या लावून क्वेरींची, म्हणजे डेटातल्या शंकांची, यादी सीएसव्ही फाइलीत टाकते. कालच्या यादीशी जुळवायला सब्जेक्टकी, स्टडीइव्हेंटओआयडी व त्याची रिपीटकी (कितवी नोंद ते सांगणारी), फॉर्मओआयडी, आयटमग्रूपओआयडी, आयटमग्रूपरिपीटकी आणि आयटमओआयडी अशी जोडकी (हे सगळे मिळून एक की) वापरतो. ज्या फॉर्ममध्ये ओळी वाढत नाहीत, तिथे हे चोख चालतं.

घोळ होतो तो अ‍ॅडव्हर्स इव्हेंटच्या (ट्रायलदरम्यान रुग्णाला झालेल्या त्रासाच्या) फॉर्ममध्ये. साइटने (ट्रायल चालणाऱ्या केंद्राने) ओळ काढून तीच माहिती पुन्हा भरली की रिपीटकी बदलते. 'ताप, सुरुवात मे २०२४, दिवस अज्ञात' ही क्वेरी मॉनिटरने (साइटचा डेटा पडताळणाऱ्याने) तपासून बंद केलेली असते, तरी सकाळी नव्या कीने यादीत हजर.

रिपीटकी वगळून घटनेचं नाव आणि सुरुवातीची तारीख यांचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) करून पाहिला. तारीख दुरुस्त झाली की हॅश बदलतो. शिवाय एकाच रुग्णाच्या एकाच दिवशीच्या दोन 'डोकेदुखी' एक होतात आणि खरी क्वेरी दबते. सुरक्षेच्या डेटात हे अजिबात चालणार नाही.

अभ्यास सुरू असल्याने सीआरएफची (डेटा भरायच्या फॉर्मची) नवी आवृत्ती काढता येणार नाही. पोस्टग्रेस (लिब्रेक्लिनिकामागचा डेटाबेस) फक्त वाचता येतो, आणि डेटा बाहेरच्या क्लाउडवर न्यायचा नाही.

काढलेली आणि नवी ओळ ऑडिट लॉगवरून (कोणी कधी काय बदललं त्याच्या नोंदीवरून) खात्रीने जोडता येते का, की स्क्रिप्टने फक्त संभाव्य जोड्या दाखवून मंजुरी डेटा मॅनेजरकडूनच घ्यावी?