अनुभव धागा: एकाच कामात खोल उतरलात, की सगळीकडचं थोडं थोडं शिकलात?

मांजराकाठ
काल लातूरला आईकडे माळा आवरताना बिस्किटाच्या डब्यात एक केबल सापडली. नऊ पिनांची, दोन्ही टोकं मी स्वतः सोल्डर केलेली. हातात घेतली आणि २००३ चा गळीत हंगाम डोळ्यासमोर उभा राहिला.

तेव्हा मी एका साखर कारखान्यात 'कॉम्प्युटरवाला' होतो. ऊसबिलं, पगारपत्रक, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधल्या दुरुस्त्या, प्रिंटरची रिबन, सगळं एकट्याकडे. एका रात्री दोन वाजता निरोप आला, वजनकाटा बरोबर दाखवतोय पण स्क्रीनवर भलतंच येतंय. गेलो तर गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग. त्या दिवशी काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारी पेटी, बदलला होता. स्क्रीनवर ०, ३, ५, ६, ९ हे आकडे नीट यायचे आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी किडे. अर्धा तास नुसता त्या आकड्यांकडे बघत होतो. मग टॉर्च धरून पुस्तिका वाचली. नवा इंडिकेटर सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर (१ असलेल्या बिटांची संख्या सम ठेवायला जोडलेला एक जादा बिट) बोलत होता, आमचा प्रोग्राम आठ बिट ऐकत होता. ज्या आकड्यांच्या सात बिटांत १ ची संख्या विषम, त्यांनाच वरचा जादा बिट चिकटत होता. एक ओळ बदलली, पावती तीन प्रतींत खडखडत बाहेर आली. पहिल्या गाडीवाल्यानं ती दिव्याखाली धरून वाचली आणि घडी घालून टोपीत खोवली.

२००६ ला पुण्यात मुलाखत. तुमचं स्पेशलायझेशन कशात? मी काट्याचं सांगायला लागलो, दोन वाक्यांत त्यांनी पुढचा बायोडेटा उचलला. त्यानंतर ओरॅकल डेटाबेसच्या कामात शिरलो तो आजपर्यंत. डेटाबेस मंदावला की मला बोलावतात. घर त्यावर उभं राहिलं. पण क्वेरी अडली की मी आधी डिस्क बघतो, नेटवर्क बघतो, ही सवय कारखान्याची.

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज विचारतो, मामा, एकच धरू का सगळं शिकू? माझं म्हणणं असं, की आपल्या भागात सुरुवात सगळ्याचीच करावी लागते, त्याची लाज नको. पण पाच-सहा वर्षांत एक काहीतरी धरून खोल गेलं नाही तर पगार तिथंच थांबतो. तुमचं कसं झालं ते लिहा. त्याला वाचायला देणार आहे.

गोदाकाठ
लै भारी लिहिलंत दादा. टोपीत खोवलेली पावती, आमचे आजोबा अगदी तस्सेच. कोणता कारखाना?

मांजराकाठ
नाव नको. माणसं चांगली होती.

दुधना
जालना, सळयांची मिल, १६ वर्षं फक्त पीएलसी, म्हणजे मशिनं चालवणारा कंट्रोलर. रात्री मिल थांबली की फोन मलाच. एकदा सळई पुढच्या स्टँडला पोचली की नाही तेच प्रोग्रामला कळेना, मिल सारखी ट्रिप. मी लॅपटॉप लावून तीन तास लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) बघतोय, त्याची एकेक पायरी चेक करतोय. आमचा जुना फिटर आला, तापलेली सळई ओळखणाऱ्या हॉट मेटल डिटेक्टरच्या काचेवर लोखंडाच्या पापुद्र्याची काळी धूळ बसली होती ती फडक्यानं पुसली. मिल चालू. त्या दिवसापासून मी प्रोग्राम उघडायच्या आधी पूर्ण लाईनवर एक चक्कर मारतो. भाच्याला सांगा, एकात पक्कं व्हायचंच, पण शेजारच्या माणसाचं काम बघत राहायचं. मला पैसे पीएलसीचे मिळतात, इज्जत त्या चकरेमुळे.

कयाधू
अवांतर विचारते, माफ करा. मुंबईहून देवगिरीचं शुक्रवारचं ४० वेटिंग लागतं का? सासूबाईंना परभणीला यायचंय.

गोदाकाठ
दिवाळीच्या तोंडावर नाही लागत ताई. तत्काळ बघा.

बिंदुसरा
मुलाचा डबा भरता भरता लिहितेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.
बीडच्या प्रेसमध्ये ११ वर्षं पेजमेकर (पानं लावायचा प्रोग्राम) आणि जुने मराठी फॉन्ट. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, आलं तेव्हा सगळे म्हणाले तुझं संपलं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडात अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलट. 'धर्म'मधला रफार जुन्या फॉन्टात सगळ्यात शेवटी, युनिकोडात तो 'म'च्या आधी जातो. म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, क्रमच फिरवावा लागतो. जोडाक्षर आलं की वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. एका कन्व्हर्टरमध्ये 'स्थिती' शब्द दर वेळी फुटायचा, पहिली वेलांटी 'स'लाच चिकटायची. करणाऱ्याला कोडिंग उत्तम येत होतं, पण त्यानं वेलांटी कधी हातानं टाकलेली नव्हती. मी पायथन शिकले ते या एका वेलांटीपायी. वय तेव्हा ३८. आज जुनी पुस्तकं युनिकोडात आणायचं काम घरून करते.
लोक विचारतात एवढ्याशा गोष्टीवर पोट भरतं का. भरतं.

कयाधू
ताई, सलाम. 'स्थिती' आत्ता टाइप करून बघितलं.

खाम
फ्लॅश, ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवायचं साधन. ॲक्शनस्क्रिप्ट, त्याची भाषा. ९ वर्षं पुण्यात तेवढंच केलं.
अडोबीनं ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं असं सगळे सांगतात, पण काम त्याच्या कितीतरी आधी आटलं होतं. २०१० मध्येच ॲपलनं जाहीर सांगितलं होतं की आयफोनवर फ्लॅश येणार नाही. टीममधल्या दोघांनी त्याच वर्षी जावास्क्रिप्ट धरलं. मी म्हणालो, मी यात पक्का आहे, मला काय होतंय. २०१४ ला हातात कागद मिळाला. औरंगाबादला परत आलो, आठ महिने वाळूजला भावाच्या वर्कशॉपमध्ये चलनं लिहिली. बायकोनं त्या काळात एक शब्द वावगा काढला नाही, हे इथं लिहायचंच होतं.
नंतर कळलं, माझं खरं काम हालचाल होतं. चेंडू पडताना किती दबतो, हात उचलायच्या आधी खांदा किती हलतो. ते कुठल्याही साधनात चाललं असतं. मी स्वतःला साधनाचं नाव लावून घेतलं होतं. आता शेंद्र्यातल्या कारखान्यांसाठी मशिन कसं चालवायचं याचे थ्रीडी व्हिडिओ करतो. चाललंय बरं.

तेरणा
खाम दादा, पोटात कालवलं वाचून. वहिनींना नमस्कार सांगा.
मी १४ वर्षं फक्त एबॅप, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या एसएपी सॉफ्टवेअरची भाषा. एसएपीनं ईसीसी या जुन्या आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ पर्यंत ठेवलीय, म्हणून सगळ्या कंपन्यांची एस-फोर-हाना या नव्या आवृत्तीवर जायची घाई. दुसऱ्यानं वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचू शकणारी माणसं कमी, त्यामुळे तुळजापूरजवळच्या गावात बसून काम पुरून उरतंय. पण तुमचं वाचून आज मन खालीवर झालंय. आमचे अण्णा म्हणतात, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकाव्यात, एक गेलं तर दुसरं हाती लागतं. तूर कुठली टाकू तेच सुचत नाही.

गोदाकाठ
ताई, अण्णांचा मान राखून सांगतो, ते इथं लागू होत नाही. सोयाबीन न् तूर एकाच पावसावर येतात. माणसाला प्रत्येक गोष्टीला वेगळी रात्र जागावी लागते.
माझं नांदेडला दुकान. कॅमेरे, राउटर, बिलिंग, प्रिंटर, टॅली. गिऱ्हाईक विचारत नाही तुम्ही कशातले तज्ज्ञ. ते म्हणतं, बिल निघंना, या. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला, त्या आठवड्यात मी ३० दुकानं फिरलो. घरी यायचो तर लेकरू झोपलेलं. त्या आठवड्यानं मला उभं केलं. पण तेव्हापासून तेच करायलो. दर वर्षी ठरवतो की नेटवर्किंगची एक परीक्षा द्यायची, पुस्तक काउंटरवरच पडून आहे. मांजराकाठ दादा, पाच-सहा वर्षांत खोल जायचं म्हणता ते पटतं, पण पगार नसलेल्या माणसाला थांबून शिकायला कोण देतं?

मांजराकाठ
याचं उत्तर माझ्याकडे नाही भाऊ. मला कारखान्याचा पगार चालू होता म्हणून जमलं. हे मी वर लिहायला हवं होतं.

तेरणा
गोदाकाठ दादा, रविवारी सकाळी एक तास मी व्हिडिओ कॉलवर बसते तुमच्यासोबत. मलाही नेटवर्किंग येत नाही, दोघं मिळून वाचू. खरंच म्हणतेय.

गोदाकाठ
सातला चालंल का? नऊला दुकान उघडतो.

तेरणा
चालेल.

शेवटचं वर्ष
मी भाचा. सगळं वाचलं. बिंदुसरा मावशी, तुमचा वेलांटीचा प्रोग्राम बघायला मिळेल का? आमच्या प्रोजेक्टमध्ये जुन्या मराठी फाइली आहेत, 'स्थिती' आमच्याकडेही फुटतोय.

बिंदुसरा
पाठव बाळा एक फाइल. आधी फॉन्टचं नाव सांग, प्रत्येकाची वेलांटी वेगळ्या कळीवर असते.

दुधना
मांजराकाठ, ती केबल टाकू नका. आमच्या मिलच्या जुन्या काट्याचीही तसलीच आहे, कालपासून बंद. पिन २ न् ३ उलट आहेत का सरळ?

मांजराकाठ
उलट. ५ ला ५. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.